सायकलस्वाराचा वाटाड्या



मुरुडात सायकलीवर व्याख्यान म्हटल्यावर काहींना हसू आले असेल. परंतु २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी आळीपाळीने सायकल चालवून सुमारे ४,८०० किलोमीटरची अमेरिका पार केली, आणि २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. नोकरीधंदा सांभाळून लांबच्या दौडी करणारे हौशी स्वार आज महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. हँडलवर जीपीएस संगणक कोणता लावावा, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह आपापली वेळ कळवीत असतात. निदान चौघांचे निरोप पोचले की यंत्राला आपली जागा कळते. जागा बरी कळते, उंची मात्र तितकी नेमकी कळत नाही. कारण सारे उपग्रह डोक्यावर, पायाखालच्या बाजूचा एकही दिसत नाही. म्हणून चढाची मोजदाद हवी असेल त्याने हवेचा दाब मोजणारे यंत्र घ्यावे. ढोकी-येडशीकडच्या वाटेने जाणाऱ्याला हा खर्च कितपत पटेल, हे ज्याचे त्याने ठरवावे. सह्याद्रीचे घाट चढणाऱ्याने तो जरूर करावा.

खरा प्रश्न बॅटरीचा. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे दौडीला साडेतेरा तासांची मुदत असते, ६०० ला ४० तासांची. दहा तासांत मान टाकणारे यंत्र पहिल्या दौडीतही अपुरे पडेल. मोबाइल आहे की, असे कोणी म्हणेल. आहे खरा; पण नकाशा दाखवून दाखवून तो रात्री दोन वाजता आडरस्त्यावर विझला, आणि त्याच वेळी स्वार पडला, तर घरी फोन कशाने करणार? माझ्या मते या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग हाच, की मोबाइल खिशात भरलेला राहतो.

रंगीत पडद्याला भुलू नका. पावसाचे थेंब आणि घामाची बोटे यांनी स्पर्शाचा पडदा गोंधळतो. बटणे गोंधळत नाहीत. आणि आपल्या वैशाखाच्या उन्हात आकडे दिसले पाहिजेत. दुकानातल्या दिव्याखाली सारीच यंत्रे सुरेख दिसतात. तेव्हा दुकानदाराला यंत्र घेऊन भर दुपारी रस्त्यावर यायला सांगा, आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवून आकडे वाचून पाहा.