जहाजांच्या पोटातील पाणी
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचे पत्रक आपल्या हाती आहेच. त्यातील आकडे पुन्हा वाचून आपला वेळ आम्ही घेणार नाही. आज एक वेगळाच विषय आपल्यापुढे ठेवण्याची अनुज्ञा असावी. एका समुद्रातील सूक्ष्मजीव व्यापारी बंदरांमार्गे दुसऱ्या समुद्रात पोहोचतात, त्याविषयी हे चार शब्द.

रिकामे जहाज वाटेत हेलकावू नये म्हणून त्याच्या टाक्यांत बंदराचेच पाणी भरून घेतात. पुढच्या बंदरात माल चढू लागला की ते सोडून देतात. त्या पाण्याबरोबर जिवाणू, सूक्ष्म शैवाल आणि शैवालाच्या सुप्त पेशीही परक्या किनाऱ्यावर उतरतात. टाकीतील गाळात या पेशी अंधारातही दीर्घकाळ तग धरतात. ऑस्ट्रेलियातील टास्मानियाच्या किनाऱ्यावर १९८६ साली विषारी शैवाल फोफावले आणि शिंपल्यांची शेती काही काळ बंद ठेवावी लागली. हे शैवाल जहाजांतील पाण्यातूनच आले असावे, असे तेथील शास्त्रज्ञांनी अभ्यासाअंती मांडले.

आता पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे उदाहरण घेऊ. जवळजवळ शंभर वर्षे दक्षिण अमेरिका या रोगाच्या साथीपासून मुक्त होती. जानेवारी १९९१ मध्ये पेरूच्या किनारी गावांत तो प्रकटला आणि त्या एका वर्षात तेथे तीन लाखांहून अधिक रुग्ण झाले. जहाजांतील पाण्यावर संशय घेतला गेला. तो निर्विवाद सिद्ध झालेला नाही. मात्र १९९१-९२ मध्ये मेक्सिकोच्या आखातातील अमेरिकी बंदरांत १९ मालवाहू जहाजे तपासली असता, त्यांपैकी ५ जहाजांच्या पाण्यात त्याच साथीचा जिवाणू सापडला. प्रवास शक्य आहे, एवढे त्यातून निश्चित झाले.

जगाने या धोक्याची दखल घेतली. २००४ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ रोजी तो अंमलात आला. सोडावयाच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे पटकीच्या विषारी जिवाणूची एकही वसाहत आढळू नये, असा त्याचा दंडक आहे. त्यासाठी जहाजांवर गाळणी, अतिनील किरण किंवा क्लोरीन यांचा वापर होतो. याच प्रश्नावरील जागतिक प्रकल्पासाठी २००० साली जी सहा बंदरे निवडली गेली, त्यांत आपल्या मुंबईचा समावेश होता.

बंदरावरील पहारा बंदराचे अधिकारी करतील. तरीही एखादा जिवाणू निसटलाच, तर त्याची पहिली गाठ रुग्णालयाशी पडते. पेरूमध्ये रुग्ण लाखांनी झाले, तरी त्या वर्षी दगावलेल्यांचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी राहिले. मीठ-साखरेचे द्रावण वेळेवर मिळाले, हे त्याचे मोठे कारण. या उपायाची ताकद १९७१ साली बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी दाखवून दिली होती. मृत्यूचे सुमारे ३० टक्क्यांचे प्रमाण तेथे ४ टक्क्यांच्या खाली आले. जे द्रावण परिचारिकेप्रमाणेच रुग्णाची आईही पाजू शकते, त्याने हे साधले.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. खर्च झालेला पैसा कोठे गेला, हे दाखविणे आम्हांस अवघड नाही. परंतु जी साथ पसरलीच नाही, तिची नोंद कोणत्या खात्यावर करावी? नव्या यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते. टळलेल्या साथीवर कोणाचेच नाव कोरता येत नाही. म्हणून पाण्याची नियमित तपासणी, जुलाबाच्या रुग्णांचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा, क्षारसंजीवनीचा पुरेसा साठा आणि परिचारिकांचे प्रशिक्षण या बाबी देणगीच्या यादीत नेहमी तळाशी राहतात.

विश्वस्तांस आमची विनंती आहे की, या बाबींसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद असावी आणि निकडीच्या वेळीही ती अन्यत्र वळविली जाऊ नये. देणगीदारांनी आपल्या दानातील थोडा वाटा नामफलकाविना या कामास द्यावा. रुग्णांच्या नातेवाइकांनी पाणी उकळून घ्यावे, हात धुवावेत आणि जुलाब सुरू होताच द्रावण पाजून रुग्णास विनाविलंब आमच्याकडे आणावे. एवढे झाले, तर कोठलेही जहाज काहीही घेऊन येवो, आपले रुग्णालय गाफील सापडणार नाही.