हार घाला, पण प्रश्नही विचारा
(देवणी येथील जमीन हक्क मेळाव्यात एका तरुण कार्यकर्त्याने केलेले भाषण)



बाबासाहेबांच्या फोटोला आत्ता आपण हार घातला. घातलाच पाहिजे. गायरान कसणाऱ्याला सरकारपुढं ताठ उभं राहायला त्यांनीच शिकवलं. पण आज एक अवघड गोष्ट बोलतो, रागावू नका.

१९४५ साली मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपुढं बाबासाहेबांनी कायदेमंडळातल्या जागांची योजना मांडली. त्यात आदिवासींना धरलं नाही. आदिवासींना अजून राजकीय समज आली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आता बघा, त्याच्या पाचच वर्षं आधी, १९४० मध्ये, आपल्या किनवटला लागून असलेल्या आदिलाबाद भागात कोमराम भीम जमिनीसाठी निजामाशी लढता लढता गेला होता. ही समज नव्हती तर काय होतं? १९४६ च्या डिसेंबरात जयपालसिंग मुंडांनी संविधान सभेत ठणकावून सांगितलं की आदिवासींना लोकशाही शिकवू नका, त्यांच्याकडून शिका.

म्हणून बाबासाहेब लहान होतात का? नाही. जे दुःख त्यांनी भोगलं ते त्यांना लख्ख दिसलं, आपल्या गुड्या-पोडावरचं तेवढं दिसलं नाही. पुढं संविधानात आपल्यासाठी राखीव जागा आल्या, पाचवी अनुसूची आली, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते. आणि राजकारणात भक्ती केली तर हुकूमशाही येते, हा इशाराही २५ नोव्हेंबर १९४९ ला त्यांनीच दिला.

आता आपलं बघू. मागं एका सभेला एक मोठे विचारवंत आले होते. ते म्हणाले, वनखात्याच्या दंडाची पावती नसेल तर वनहक्काचा दावा भरू नका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "बाबा, पावती न्हाई, पण सासऱ्याची समाधी त्याच शेतात हाय." नियमात जुनी समाधी, विहीर, देवस्थान हा पुरावा धरलाय. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. असे एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. नियमाचं पुस्तक माझ्या पिशवीत होतं. मी बारावी शिकलेला, तरी गप्प बसलो. एवढ्या मोठ्या माणसाला कसं टोकायचं? त्या दिवशी काही घरांनी दावे घरातच ठेवले. ती चूक त्यांची जेवढी, तेवढी माझी.

देवणीच्या बाजारात आपण बैल नाव ऐकून घेत नाही. दात बघतो, चालवून बघतो. मग नेत्याचा शब्द तसाच का घ्यायचा?

कायद्यानं दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते, पुढाऱ्यापासून नाही. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत, आणि त्यांनी बोललं पाहिजे. ज्यांनी दावे ठेवून दिलेत त्यांनी ते पुढच्या ग्रामसभेत आणा. मी पुस्तक घेऊन बसतो. माझं चुकलं तर मला तिथंच टोका.

जय सेवा, जय भीम!