९९ टक्क्यांवर अडकलेली फाइल

आज थोडं कांदेवाडीत जाऊ. गिरगावातला खाडिलकर रोड हो, लग्नपत्रिकांच्या दुकानांचा. माझा मामा तिथल्या एका दुकानासाठी पत्रिका डिझाइन करून देतो. कोरलड्रॉ, श्रीलिपी, एक म्हातारा पीसी आणि दिवसाला सात-आठ चहा, एवढा त्याचा संसार.

ऐन लग्नसराईत रात्री त्याचा फोन आला. "अरे, फाइल ९९ टक्क्यांपर्यंत येते नि गायब होते. पार्टी सकाळी १० वाजता प्रूफ बघायला येतेय." साडेतीन जीबीची झिप होती, नवरा-नवरीचे फोटो. चाळीतलं नेट मध्येच तुटतं, म्हणून मामा डाउनलोड मॅनेजर वापरतो. तुटलं तिथूनच तो पुढे सुरू करतो. मी पोहोचेपर्यंत शेजारच्या एका मुलाने उपाय सांगितला होता: अँटिव्हायरस बंद करा. केला. फाइल आली, प्रूफ गेलं, सगळे खूश. परत चालू करायचं मात्र राहून गेलं. १९ दिवस!

आता हे भांडण होतं कशावरून? डाउनलोड मॅनेजर एका फाइलचे तुकडे करतो, समजा आठ, आणि आठही एकदम खेचतो. तुकडे एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये साठतात आणि शेवटी जोडले जातात. अँटिव्हायरसला यातलं काही माहीत नसतं. त्याला एवढंच दिसतं, की कुणीतरी धडाधड अर्धवट फाइली लिहितंय. मग तो प्रत्येक फाइल उघडून बघतो, आणि तो बघत असताना मॅनेजरला तीच फाइल जोडायची असते. दोघांचा हात एकाच डब्यात.

म्हणून कुठे अडकतं ते आधी बघायचं. डाउनलोड सुरूच होत नसेल किंवा रांगत असेल, तर बहुतेक वेळा अँटिव्हायरसचं वेब संरक्षण मध्ये बसून ट्रॅफिक तपासत असतं. शेवटच्या टक्क्यावर थांबत असेल, तर जोडणी आणि तपासणीची टक्कर. पूर्ण होऊन फाइल गायब होत असेल, तर ती क्वारंटाइनमध्ये गेलीय. तिथे अँटिव्हायरसची हिस्टरी उघडा, कुठली फाइल आणि का उचलली ते लिहिलेलं असतं. मामाने ती कधी उघडलीच नव्हती. मी उघडली, तर झिपच्या आत फोटोंसोबत एक 'स्लाइड शो' डॉट एक्सई फाइल होती. म्हणजे अँटिव्हायरस उगाच बोंबलत नव्हता. फोटोग्राफरला सांगून नुसते फोटो मागवले असते, तर दहा मिनिटांत काम झालं असतं.

काही मॅनेजरमध्ये 'डाउनलोड झाल्यावर व्हायरस तपासा' अशी वेगळी सेटिंग असते. ती बंद केली तरी चालते, नाहीतर एकच फाइल दोनदा तपासली जाते. आणि दोन-दोन अँटिव्हायरस ठेवू नका, प्लीज.

सूट द्यायचीच असेल, तर फक्त त्या तात्पुरत्या तुकड्यांच्या फोल्डरला द्या. तयार फाइल डाउनलोड्समध्ये येते तेव्हा तिची तपासणी होऊ दे. लोक इथेच चुकतात: अख्ख्या मॅनेजरलाच सूट देतात. विंडोज डिफेंडरमध्ये प्रोसेसला सूट दिली, तर तो प्रोग्राम ज्या फाइली उघडतो त्या रिअल-टाइम तपासणीतून सुटतात. म्हणजे वॉचमनला सांगायचं, की या माणसाच्या हातातली पिशवी कधीच बघू नकोस. सूट दिल्यावर खात्री करायची असेल, तर आयकार नावाची निरुपद्रवी चाचणी-फाइल मिळते, फक्त ६८ अक्षरांची. ती डाउनलोड्समध्ये उतरवून बघा. अँटिव्हायरस ओरडला, तर जागा आहे.

मॅनेजरसुद्धा मूळ साइटवरूनच घ्या, क्रॅक नको. अर्थात मूळ साइट म्हणजेही गॅरंटी नाही. २०२३ मध्ये कॅस्परस्कीने दाखवून दिलं, की फ्री डाउनलोड मॅनेजरच्या साइटवरून काही लिनक्स वापरणाऱ्यांना २०२० ते २०२२ या काळात भलत्याच सर्व्हरवरचं घातक पॅकेज दिलं जात होतं.

आता ते १९ दिवस. त्यात मामाने कुठूनतरी फुकट मराठी फॉन्टचा पॅक उतरवला, सोबत सेटअप फाइल. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड गेले. मेलमध्ये रात्री तीन वाजताचं अनोळखी लॉगिन दिसलं. मामा म्हणाला, "माझ्या मेलात काय सोनं ठेवलंय?" मी म्हटलं, मामा, तुझ्या मेलात शंभरेक घरांची नावं, पत्ते, फोन नंबर आणि लग्नाच्या तारखा आहेत. कुठलं घर कुठल्या दिवशी रिकामं असणार, याची यादीच की. तो गप्प बसला. मग आम्ही पीसीचं नेट काढलं, माझ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, सगळीकडून लॉगआउट केलं, दोन टप्प्यांचं लॉगिन लावलं आणि नंतर पीसी फॉरमॅट केला. क्रम महत्त्वाचा. त्याच पीसीवरून पासवर्ड बदलले असते, तर नवेही गेले असते.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे पीसीच नाही. ठीक. पण व्हॉट्सअॅपवर 'लग्नपत्रिका' नावाची एपीके फाइल फिरते, ती तुमच्यासाठीच आहे. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ. ती कधी इन्स्टॉल करावी लागत नाही. प्ले प्रोटेक्टने अडवलं, तर 'तरीही इन्स्टॉल करा' दाबू नका. अॅपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तर ते तुमच्या ओटीपीसाठी.

मामाला गेल्या आठवड्यात अशीच एक आली. त्याने उघडली नाही, मला फॉरवर्ड केली. वर लिहिलं होतं, "बघ रे, डिझाइन तरी कसंय?"