गीताचा अर्थ कोणाच्या हाती?

रॉक संगीत म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे विजेच्या गिटारी आणि तरुणांचा कल्लोळ उभा राहतो. त्या कोलाहलातील शब्दांना काही अर्थ असेल, असे सहसा मनातही येत नाही. परंतु या शब्दांच्या अर्थावरून जेवढे वाद माजले, तेवढे पुष्कळ मान्यवर कवींच्याही वाट्याला आले नसतील. तो अर्थ लावावा कसा, याचा आज थोडा विचार करू या.

आरंभ एका गमतीदार हकिकतीने करू. रिचर्ड बेरी यांनी १९५५ साली रचलेले ‘लुई लुई’ हे गीत अगदी साधे आहे. एक खलाशी लुई नावाच्या मद्यविक्रेत्यापाशी आपल्या दूरच्या प्रेयसीविषयी बोलतो आहे, एवढाच त्याचा आशय. १९६३ साली ‘किंग्समेन’ या वाद्यवृंदाने ते गायिले, तेव्हा गायकाचे उच्चार इतके अस्पष्ट उमटले की, त्यांत अश्लील मजकूर दडला आहे असा बोभाटा झाला. पालकांच्या तक्रारी सरकारदरबारी गेल्या. अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागाने तबकडी निरनिराळ्या गतींनी फिरवून ऐकली आणि निष्कर्ष काढला की, ती कोणत्याही गतीने वाजविली तरी शब्द कळत नाहीत! जेथे शब्द कळले नव्हते, तेथे भीतीने स्वतःचा मजकूर भरला होता.

याच्या उलट प्रकार बीटल्सच्या जॉन लेनन यांचा. १९६७ साली त्यांना कळले की, आपल्या जुन्या शाळेत आपल्याच गीतांचे अर्थ शिकविले जात आहेत. तेव्हा या पंडितांना कोडे घालावे म्हणून त्यांनी ‘आय ॲम द वॉलरस’ या गीतात मुद्दाम असंबद्ध प्रतिमांची गर्दी केली. अर्थ शोधणारे मात्र थांबले नाहीत. म्हणजे कवीचा हेतू हाही काही अखेरचा शब्द ठरत नाही.

मग वाटेल तो अर्थ लावावा काय? येथेच सावध झाले पाहिजे. १९८४ सालचे ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ घ्या. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या आणि मायदेशी काम न मिळालेल्या सैनिकाची ती व्यथा आहे. पण ध्रुवपदाचा घोष इतका दणदणीत की, असंख्य लोकांनी तिला देशाभिमानाचे गीत मानले. याच गीताचे १९८२ साली केवळ गिटारीच्या साथीने केलेले ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झाले. ते ऐकताच दुःख स्पष्ट जाणवते. गाण्यात स्वर आणि ताल हेही अर्थ सांगत असतात. केवळ कागदावरचे शब्द वाचून किंवा केवळ ध्रुवपद ऐकून निवाडा करता येत नाही.

आणि चुकीच्या अर्थाचे मोल कधीकधी भयंकर असते. ‘हेल्टर स्केल्टर’ म्हणजे इंग्लंडमधील जत्रेतली नागमोडी घसरगुंडी. त्या नावाच्या १९६८ सालच्या बीटल्सच्या गीतात चार्ल्स मॅन्सन याला वंशयुद्धाची भविष्यवाणी ऐकू आली. १९६९ साली त्याच्या अनुयायांनी कॅलिफोर्नियात निरपराध माणसांचे खून पाडले. दोष गीताचा नव्हता. ऐकण्यापूर्वीच अर्थ ठरवून बसलेल्या मनाचा होता.

आपल्याकडे नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धांत मांडला. सूचित अर्थ हाच काव्याचा आत्मा असे म्हणणाऱ्या या आचार्याने वाच्यार्थाची मात्र उपेक्षा केली नाही. प्रकाश हवा असलेला माणूस जसा दिव्याच्या ज्योतीची निगा राखतो, तसा व्यंग्यार्थ हवा असलेल्याने वाच्यार्थाचा आदर करावा, असे तो सांगतो. काश्मीरच्या या पंडिताचा उपदेश लिव्हरपूलच्या गीतांनाही तंतोतंत लागू पडतो.

तेव्हा श्रोतेहो, घरातील मुले एखादे अपरिचित गाणे तन्मय होऊन ऐकत असतील, तर लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत, किंवा त्यात नसलेले तत्त्वज्ञानही शोधू नये. त्यांच्याशेजारी बसावे, ते गाणे आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावे आणि ‘यात तुला काय ऐकू येते?’ असे विचारावे. गाण्याचा अर्थ कदाचित पुरता उलगडणार नाही. पण ते ऐकणाऱ्या मुलाच्या मनाचा थोडासा उलगडा खचित होईल.