कशाच्या तुलनेत?



स्नातकांनो, इथे पाठ केलेली कितीतरी सूत्रं पुढे विसराल, त्याचं मला काही वाटत नाही. एक प्रश्न मात्र जन्मभर जपा, एवढंच सांगायला उभा आहे. कोणी काहीही ठामपणे सांगितलं की विचारा: कशाच्या तुलनेत?

1896 साली मुंबईत प्लेग शिरला. माणसं शहर सोडून पळू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत लस बनवू लागले. प्लेगचे जंतू वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि तो द्रव टोचायचा, अशी रीत. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी तो स्वतःला टोचून घेतला. ताप आला, अंग दुखलं, आणि ते बरे झाले.

या धाडसानं काय सिद्ध झालं? एका माणसाला लस सोसली, एवढंच. ती प्लेगपासून वाचवते का, हा प्रश्न होता तिथेच राहिला. हाफकिनना प्लेग झाला नाही; पण लस न घेतलेल्या लाखो मुंबईकरांनाही तो झाला नव्हता.

म्हणून पुढची पायरी भायखळ्याच्या तुरुंगात पडली. तिथं साथ आली होती. तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना दिली नाही. अन्न तेच, पाणी तेच, छप्पर तेच. लस घेतलेल्यांत लागण कमी झाली. कैद्याची संमती खरोखर मोकळी असते का, हा प्रश्न आज आपण आधी विचारू, आणि विचारलाच पाहिजे.

तरी शंकेला जागा होती: पुढे आलेले कैदी मुळातच धडधाकट असतील तर? 1898 मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात तुलना आणखी काटेकोर झाली. घरटी निम्म्या माणसांना लस दिली. प्लेग शिरलेल्या 28 घरांत लस घेतलेले 71 जण होते. 8 आजारी पडले, 3 दगावले. न घेतलेले 64. त्यांतले 27 आजारी पडले आणि 26 दगावले. ही एकाच चुलीवर जेवणारी माणसं होती. लस शंभर टक्के वाचवत नाही, हेही त्याच आकड्यांत उघड दिसतं. आपल्या बाजूचे आकडे ठेवून बाकीचे झाकायचे नसतात.

1902 मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी लस घेतलेले 19 जण धनुर्वातानं गेले. हाफकिनवर ठपका आला, पद गेलं. पण त्या दिवशी पाच बाटल्यांतून 107 जणांना लस दिली होती, आणि गेलेले सगळे एकाच बाटलीतले होते. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हेही पुढे आलं. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी पुरावा पुन्हा तपासायला लावला आणि 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. एका बाटलीची इतर चार बाटल्यांशी तुलना वेळीच मनावर घेतली असती, तर एका माणसाची उमेदीची वर्षं वाया गेली नसती. हाफकिन यांच्या मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेला 1925 पासून त्यांचं नाव आहे.

मित्रांनो, उद्यापासून लोक तुमच्या शब्दाला किंमत देतील. शेजारी म्हणतील, अमक्याला या औषधाचा गुण आला. साहेब म्हणतील, नव्या योजनेनं उत्पादन वाढलं. तेव्हा नम्रपणे विचारा: औषध न घेता किती जण बरे झाले? योजना नव्हती तिथे काय झालं? मग तोच प्रश्न स्वतःच्या लाडक्या मताला, अधिक कठोरपणे विचारा. कोणता पुरावा मिळाला तर मी हे मत सोडेन, हे आधी लिहून ठेवा, आणि तो मिळाला की सोडा. ज्यांना हे जमतं, त्यांच्या हाती लोकांचे जीव विश्वासानं सोपवता येतात. तुम्ही तसे व्हा, हाच माझा आशीर्वाद आणि हीच माझी मागणी.