शाळेतील हत्यारांचे कपाट



शाळेला सुतारी हत्यारांचा संच मिळतो त्या दिवशी वर्गात मोठा उत्साह असतो. करवत, रंधा, पटाशी, गुण्या ही नावे मुलांना परकी नसतात. झाडीपट्टीतील मुलाने वाढईला नांगर भरताना पाहिलेले असते. तान्ह्या पोळ्याला जो लाकडी नंदी ते मिरविते, तोही याच हत्यारांनी घडलेला असतो. परंतु हा उत्साह फार दिवस टिकत नाही. संचाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते, संच पेटीत जातो आणि पेटीला कुलूप लागते. पुढील पडताळणीत एखादी पटाशी कमी भरली तर भरपाई कोणी करावयाची, हे भय शिक्षकाच्या मनात असते, आणि ते सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येत नाही. परिणाम मात्र विपरीत होतो. हत्यारे हरवत नाहीत, पण दोन पावसाळ्यांत गंजून निकामी होतात. आणि ज्याच्यासाठी ती आली, तो मुलगा सातवी उत्तीर्ण होऊन निघून गेलेला असतो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात काढावेत असे सुचविले, आणि त्यात सुतारकामाचे नाव स्पष्टपणे घेतले. धोरणे आपल्या जागी ठीकच आहेत. पण हत्यार पेटीतून मुलाच्या हातात व हातातून पुन्हा जागेवर जाण्याची सोय शाळेनेच करावयाची असते. ती सोय म्हणजे हत्यारांचे कपाट.

कपाट कसे असावे याचा एक उत्कृष्ट नमुना अमेरिकेत आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील हेन्री स्टडली (१८३८–१९२५) हा पियानो घडविणारा कारागीर. सुमारे ३९ इंच उंच व २० इंच रुंद अशा भिंतीवरच्या पेटीत त्याने अडीचशेहून अधिक हत्यारे बसविली. तिच्यात हस्तिदंत आहे, शिंपल्याचे जडावकाम आहे. शाळेला त्या थाटाशी कर्तव्य नाही. घ्यावयाचे ते एवढेच की, त्याने प्रत्येक हत्याराला त्याच्याच आकाराची जागा दिली. त्यामुळे एखादे हत्यार नसले तर रिकामी जागाच ते सांगते. वीस हत्यारे पेटीतून काढून मोजण्यास वेळ लागतो. कपाटाची दोन दारे उघडली की मोजणी एका दृष्टिक्षेपात होते. शिक्षकाचे भय जाते ते येथे.

म्हणून आधी हत्यारे, मग कपाट. सर्व हत्यारे जमिनीवर मांडावीत, खडूने त्यांच्याभोवती रेषा ओढाव्यात, हात घालण्यास जागा राहते की नाही ते पाहावे आणि मग मापे ठरवावीत. सहावी-सातवीच्या मुलांना क्षेत्रफळाचा व प्रमाणाचा याहून चांगला पाठ मिळावयाचा नाही. साधारण संचाला तीन फूट उंच, दोन फूट रुंद व नऊ इंच खोल कपाट पुरते. करवती दारांच्या आतील बाजूस उभ्या टांगाव्यात व त्यांच्यासाठी आत दोन इंच मोकळे सोडावे. पटाश्यांसाठी खाचा पाडलेली आडवी पट्टी असावी. धार खाली व झाकलेली, मूठ वर. रंधे तळाच्या फळीवर ठेवावेत, पण त्यांच्या तळाखाली पुढे एक पातळ पट्टी द्यावी, म्हणजे पाते लाकडावर टेकणार नाही. प्रत्येक जागेमागे हत्याराची आकृती रंगवावी.

लाकूड सागवान असावे हे उत्तम. नवे लाकूड घेतल्यास शासकीय आगारातून किंवा परवानाधारक गिरणीतून घ्यावे आणि पावती नोंदवहीला जोडावी. परंतु रीतसर निर्लेखन झालेल्या जुन्या सागवानी बाकांचे लाकूड पुष्कळदा अधिक चांगले ठरते, कारण ते वर्षानुवर्षे वाळलेले असते. मात्र त्यातील खिळे एकूण एक उपटावेत. राहिलेला एक खिळा वाढईच्या रंध्याचे पाते खातो, आणि वाढई पुन्हा शाळेची पायरी चढत नाही.

आता सांध्यांविषयी, कारण खरी गोम तेथे आहे. लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. हे फुगणे रेषांच्या लांबीकडून जवळजवळ नसतेच. ते रुंदीकडून असते. एक फूट रुंदीची फळी ऋतुमानाप्रमाणे एक-दीड सूत कमी-जास्त होऊ शकते. म्हणून अखंड रुंद फळीचे दार करू नये. ते आषाढात अडकते आणि वैशाखात त्याला फट पडते. कुसू व साल यांनी जोडलेली चौकट करावी आणि तिच्या खाचेत पातळ फळी सरसाशिवाय सैल बसवावी. फळी आतल्या आत हालते, चौकट तशीच राहते. मुलांनी ती फळी पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा मोजावी. विज्ञानाचा तो प्रयोग फुकटात होतो. कपाटाचे चारही कोपरे खिळ्यांनी न ठोकता पारव्याच्या शेपटीसारख्या पसरत जाणाऱ्या दात्यांनी गुंफावेत. यालाच डव्हटेल म्हणतात. हे काम वाढईचे आहे. शिक्षकाने ते स्वतः करण्याचा आग्रह धरू नये. वाढईला सन्मानाने वर्गात बोलवावे, योग्य ती मजुरी द्यावी व मुलांना भोवती बसवावे. आखणी, घासणी व तेल लावणे मुलांनी करावे.

तेल जवसाचे. धानाच्या बांधीत उतेऱ्याला होणारा जवस या भागात सर्वांच्या ओळखीचा आहे. पातळ हात द्यावा, पुसून घ्यावा, काही दिवस वाळू द्यावा, पुन्हा द्यावा. एक दक्षता अत्यंत महत्त्वाची आहे: जवसतेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये, तो आपोआप तापून पेट घेतो. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात.

कपाट भिंतीला थेट चिकटवू नये. मागे एक इंच जाडीच्या दोन पट्ट्या द्याव्यात, म्हणजे पावसाळ्यातील ओल व वाळवी दोन्ही लवकर पोहोचत नाहीत, आणि वाळवीची माती दिसली तर ती वेळीच झाडता येते. खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर ठेवावी, म्हणजे सहावीतील मुलाचा हात वरच्या खुंटीलाही पोहोचतो. कुलूप अवश्य असावे. ते कामाच्या तासाच्या आरंभी उघडावे, अखेरीस पाळीच्या मुलाने सर्व जागा भरल्याचे पाहून पाटीवर तारीख लिहावी आणि मगच शिक्षकाने ते लावावे.