पाण्याची राखण

आज मत्स्यविज्ञानाची पदवी घेतलेल्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले काही जण मत्स्यव्यवसाय खात्यात जातील, काही वनविभागात, काही संशोधनात. कधीतरी समोर एक नकाशा येईल आणि त्यावर सागरी उद्यानाची हद्द आखायला सांगितलं जाईल. त्या दिवसाबद्दल मला बोलायचं आहे.

फिलिपाईन्समध्ये सुमिलोन आणि आपो अशी दोन लहान बेटं आहेत. सिलिमन विद्यापीठाच्या पुढाकाराने १९७४ मध्ये सुमिलोनच्या प्रवाळांचा एक भाग मासेमारीला बंद झाला. डॉ. एंजल अल्काला आणि त्यांचे सहकारी तिथली मासळी मोजत राहिले. दहा वर्षांनी बंदी मोडली आणि राखीव पाण्यातही जाळी पडली. मासेमारीचं क्षेत्र वाढलं, म्हणजे हाती लागणारी मासळी वाढायला हवी होती. पण थोड्याच काळात बेटाभोवती जाळ्यात येणारी एकूण मासळी जवळपास निम्म्यावर आली. कारण आतले मोठे मासे हद्द ओलांडून बाहेर येत होते आणि बाहेरचा कोळी त्यांच्यावरच जगत होता.

आपोवर त्याच विद्यापीठाची माणसं आधी बेटवासीयांशी बोलत राहिली, चांगली काही वर्षं. मग १९८२ मध्ये बेटावरच्या लोकांनीच किनाऱ्यालगतचा एक छोटा पट्टा बंद केला आणि पहाराही स्वतःच दिला. तिथली मासळी पुढे वर्षानुवर्षं वाढत गेली. विज्ञान दोन्हीकडे एकच होतं, राखणदार मात्र वेगळे होते.

आता आपल्या मालवणकडे या. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. तिथल्या खडपांवर प्रवाळ आहेत, लहान माशांना आसरा आहे. किनाऱ्यावरून मात्र विरोध झाला आणि तो अजून विरलेला नाही. या विरोधाला अडाणीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. यांत्रिक पर्ससीन नौका एका फेऱ्यात अख्खा थवा गोळा करतात, एलईडीच्या झोतात चोरटी मासेमारी चालते, आणि त्यागाची पहिली मागणी मात्र किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराकडे होते! त्याने विश्वास का ठेवावा?

म्हणून हद्द आखण्याआधी लिलावाच्या जागी जाऊन बसा. मासळी विकणाऱ्या बायकांना विचारा, कुठला मासा कधीपासून दिसेनासा झाला. ती माहिती तुमच्या नमुन्यांइतकीच मोलाची आहे. बंद करायचा तुकडा लहान असला तरी चालेल, पण तो गावाने निवडलेला असावा. गस्तीची होडी गावाची असावी आणि पगारही गावातल्या पोरांना मिळावा. प्रवाळ पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या पैशातला वाटा मच्छीमार सोसायटीकडे जावा आणि पर्यटकांच्या होड्यांचे नांगर प्रवाळांवर पडू नयेत, यासाठी त्या बांधायला कायमचे बोये असावेत.

आणि मोजत राहा. दर वर्षी १ ऑगस्टला पावसाळी बंदी उठण्याआधी गावात सभा घ्या, मागच्या हंगामाचे आकडे मराठीत फळ्यावर लिहा. मासळी घटली असेल, तर तेही तितक्याच ठळक अक्षरांत लिहा. लोक प्रश्न विचारतील, कधी चिडतील. तेव्हा उठून जाऊ नका, पुढच्या वर्षीच्या सभेची तारीख तिथेच ठरवा.